दृष्टांत एकदेशी

परमार्थात दृष्टांताला फार मान आहे. कीर्तनकाराचे निम्मे भांडवल तेच. पण आळंदीला शिकत असताना आम्हाला सुरुवातीलाच एक मर्यादा घालून दिली होती : दृष्टांत एकदेशी असतो. मुख चंद्रासारखे म्हटले की चंद्राचा आल्हाद आणि शीतलता तेवढी घ्यावी; त्याच्यावरचा डाग घेऊ नये, त्याचा क्षयही घेऊ नये. दृष्टांत सिद्धांत समजावून देतो, त्याला सिद्ध करीत नाही. ही मर्यादा सुटली की रसाळ कीर्तनही चुकीच्या वाटेला लागते आणि श्रोत्यांना त्याचा पत्ता लागत नाही.

हे आठवण्याचे कारण असे झाले. गेल्या कार्तिकीला आळंदीत एका दिंडीच्या मुक्कामी हायस्कुलातले एक शिक्षक भेटले. गळ्यात तुळशीची माळ, पंधरा-वीस वर्षांची वारी, रोजचा हरिपाठ. ते दहावीला विज्ञान शिकवतात. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ असा आहे. तो धडा चालू असताना एका पालकाने त्यांना भर रस्त्यात अडवून विचारले होते, “सर, दिवसा वर्गात शिकवता ते खरे, की रात्री भजनात म्हणता ते खरे?” शिक्षक मला म्हणाले, “महाराज, त्यांना काय उत्तर द्यायचे ते राहू द्या. मी स्वतःशी कुठे खोटा वागतो आहे का, तेवढे सांगा.”

प्रश्न प्रामाणिक होता आणि अशा प्रश्नाला दोन गोड वाक्यांत वाटेला लावणे बरे नव्हे. म्हणून या वादाचे मूळ जिथे आहे तिथून विचार करू.

इंग्लंडमध्ये विल्यम पेली नावाचे एक धर्मोपदेशक होऊन गेले. त्यांनी १८०२ साली ‘नॅचरल थिऑलॉजी’ नावाचा ग्रंथ लिहिला. त्यातला दृष्टांत प्रसिद्ध आहे. माळरानावर चालताना पायाला दगड लागला तर तो इथे कसा आला असे कोणी विचारत नाही. पण घड्याळ सापडले तर त्यातली चाके, दाते, कमानी पाहून कोणीही म्हणेल की हे कोणा घड्याळजीने घडवले आहे. मग डोळ्यासारखी रचना पाहिल्यावर तिचा घडवणारा मानावाच लागेल. चार्ल्स डार्विन केंब्रिजला शिकत असताना त्यांनी पेलींचे ग्रंथ वाचले होते आणि त्या युक्तिवादाने ते भारावलेही होते. पुढे १८५९ साली त्यांचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ प्रसिद्ध झाला.

डार्विनचे म्हणणे शेतकऱ्याला समजायला अवघड नाही. एकाच ताटाच्या बियांपासून आलेली सगळी रोपे सारखी नसतात. शेतकरी चांगली कणसे बियाण्याला काढून ठेवतो आणि पिढ्यान्‌पिढ्या तसे केल्याने वाण बदलतो. डार्विन म्हणाले, हीच निवड निसर्गात कोणी न करता होते. जन्माला येणारे पुष्कळ, जगणारे थोडे. ज्याच्यातला लहानसा फरक त्या ठिकाणी जगायला उपयोगी पडतो त्याची संतती जास्त राहते. लाखो वर्षांत असे फरक साठत जातात आणि एका जातीच्या दोन होतात.

हे कोणी पाहिले, असे विचारतात. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, केंद्रातले एक राज्यमंत्री म्हणाले होते की माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी कधी पाहिल्याचे सांगितलेले नाही, म्हणून डार्विन चूक. डार्विन असे म्हणतच नाहीत. माणूस आणि वानर यांचे पूर्वज फार मागे एक होते, एवढेच त्यांचे म्हणणे. आणि बदल पाहायचाच असेल तर कापूस लावणाऱ्याला विचारावे. बोंडअळी मरावी म्हणून बीटी बियाणे आले. त्या विषाला पुरून उरणाऱ्या थोड्या अळ्या वाचल्या, त्यांचीच प्रजा वाढली आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने आपल्या राज्यातली कपाशी पोखरून काढली. ती अळीच राहिली, तिची वेगळी जात झाली नाही हे खरे. पण निवड कशी काम करते हे शेतकऱ्याने आपल्या बांधावर, आपल्या खर्चाने पाहिले आहे.

पेलींचे घड्याळ मात्र बंद पडले नाही. अमेरिकेत ते नव्या नावाने पुन्हा चालू झाले. तिथल्या शाळांत बायबलातली सृष्टिरचना ‘सृष्टिविज्ञान’ म्हणून शिकवू नये, असा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली निर्णय दिला. त्यानंतर ‘इंटेलिजंट डिझाइन’, म्हणजे बुद्धिपूर्वक रचना, हा शब्द पुढे आला. मायकेल बीही या जीवरसायनाच्या प्राध्यापकांनी १९९६ साली त्यावर पुस्तक लिहिले. काही जिवाणूंना मळसूत्रासारखे गरगर फिरणारे शेपूट असते, ते त्यांचे आवडते उदाहरण. यातला एक भाग काढला तर शेपूट फिरणार नाही, मग ते टप्प्याटप्प्याने झाले कसे? त्यांनी उंदराच्या चापाचा दृष्टांत दिला : फळी, स्प्रिंग, दांडी, यांतले एक काढा, चाप निकामी.

पेनसिल्व्हेनिया राज्यात डोव्हर नावाचे लहान गाव आहे. तिथल्या शाळा मंडळाने ऑक्टोबर २००४ मध्ये ठराव केला की नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात एक निवेदन वाचून दाखवावे. त्यात उत्क्रांतीच्या सिद्धांतात त्रुटी आहेत आणि बुद्धिपूर्वक रचनेविषयीचे एक पुस्तक शाळेत ठेवलेले आहे, असे सांगायचे होते. विज्ञानाच्या शिक्षकांनी ते वाचायला नकार दिला. जे आम्हाला खरे वाटत नाही ते विद्यार्थ्यांना खरे म्हणून सांगणे आमच्या व्रतात बसत नाही, असा त्यांच्या नकाराचा भाव होता. शेवटी कार्यालयातल्या अधिकाऱ्यांनी वर्गात येऊन ते वाचले. अकरा पालक न्यायालयात गेले.

२००५ च्या सप्टेंबर अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत खटला चालला. दोन साक्षी मला विशेष वाटतात. रचनेच्या बाजूने बीही उभे राहिले आणि उत्क्रांतीच्या बाजूने केनेथ मिलर. हे मिलर जीवशास्त्राचे प्राध्यापक, आणि डोव्हरच्या वर्गात लावलेले पाठ्यपुस्तक त्यांनी दुसऱ्या एका शिक्षकाबरोबर लिहिलेले. दोघेही एकाच कॅथलिक पंथाचे, दोघेही श्रद्धावंत. म्हणजे हा वाद आस्तिक विरुद्ध नास्तिक असा नव्हता. मिलर यांनी दाखवले की त्या शेपटीच्या तळाशी असलेल्या भागांसारखेच भाग दुसऱ्या काही जिवाणूंत विष टोचण्याच्या सुईचे काम करतात. प्लेगच्या जिवाणूतही तशी सुई आहे. भाग कमी असले म्हणजे ते निरुपयोगी होत नाहीत, त्यांचा उपयोग निराळा असतो. मिलर उंदराच्या चापाचे थोडे भाग काढून तो टायला चिमट्यासारखा लावून दाखवीत असत.

आणखी एक गोष्ट उघडकीस आली. शाळेत ठेवलेल्या त्या पुस्तकाचे जुने मसुदे न्यायालयात आले. १९८७ च्या निर्णयानंतर ‘सृष्टिनिर्मिती’ या शब्दाच्या जागी ‘बुद्धिपूर्वक रचना’ हा शब्द घातलेला होता. बाकी मजकूर पुष्कळसा तोच. एका ठिकाणी घाईत अर्धाच शब्द बदलला गेला, तेव्हा जुन्या शब्दाचे डोके आणि शेपूट तसेच राहून मधे नवा शब्द शिरलेला सापडला. मधला टप्पा दाखवा म्हणणाऱ्यांच्याच पुस्तकात मधला टप्पा निघाला!

२० डिसेंबर २००५ रोजी न्यायाधीश जॉन जोन्स यांनी १३९ पानांचा निकाल दिला. देव नाही असे त्यांनी म्हटले नाही. रचनावाद्यांचे म्हणणे खरे असेलही, त्यावर न्यायालय मत देत नाही, पण ते विज्ञान नव्हे आणि सरकारी शाळेत विज्ञान म्हणून ते सांगता येणार नाही, एवढेच त्यांनी ठरवले. मला चटका लावून गेला तो निकालाचा दुसरा भाग. आपल्या धर्मनिष्ठेचा जाहीर अभिमान सांगणाऱ्या मंडळाच्या काही सभासदांनी खरा हेतू झाकण्यासाठी वारंवार खोटे सांगितले, असे न्यायाधीशांनी नोंदवले. देव सिद्ध करायला निघाले आणि वाटेत सत्य सोडून बसले. सत्य सोडून जो देव हाती लागतो, तो घेऊन करायचे काय?

आता आपल्या घरात पाहू. पेलींच्या आधी आठशे वर्षे उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त हाच मार्ग घेतला होता. पृथ्वी वगैरे कार्य आहे. कार्याला कर्ता असतो, जसा घटाला कुंभार. म्हणून जगालाही कर्ता आहे. पेलींचे घड्याळ ते उदयनांचा घट. आमचे गुरुजी ‘तर्कसंग्रह’ शिकवताना धुरावरून अग्नीचे अनुमान पक्के करून घेत आणि लगेच उलटे विचारीत, “अग्नीवरून धुराचे अनुमान होईल का?” आम्ही हो म्हणालो की ते तापलेल्या लोखंडी गोळ्याचे उदाहरण देत. गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धुराला ओले सरपण लागते. ती मधली अट लक्षात न घेता काढलेले अनुमान फसते. त्या अटीला उपाधी म्हणतात.

घड्याळाच्या अनुमानातही अशीच उपाधी लपलेली आहे. कारागिराने घडवलेल्या ज्या वस्तू आपण पाहिल्या, घट, पट, घड्याळ, त्यांतली एकही आपल्यासारखी दुसरी वस्तू प्रसवत नाही. घड्याळाला पिल्ले होत नाहीत आणि घटाच्या पोटी घट येत नाही. प्राण्यांना संतती होते, ती थोडी थोडी बदलते, आणि तिथेच डार्विनचा विचार सुरू होतो. म्हणून घटावरून पटाचे अनुमान चालेल, डोळ्याचे चालणार नाही.

आणि हे अनुमान नाकारणारे सगळे नास्तिक नव्हते. रामानुजाचार्यांनी श्रीभाष्यात ब्रह्मसूत्राच्या तिसऱ्या सूत्रावर लिहिताना हाच घटाचा युक्तिवाद मोडून काढला आहे. घटावरून कर्ता काढाल तर तो कुंभारासारखा देहधारी निघेल. शिवाय सगळे जग एकानेच आणि एकाच वेळी घडवले हे कशावरून? अनेकांनी वेगवेगळ्या वेळी घडवले असेल. भक्तीचा एवढा मोठा आचार्य सांगतो की ईश्वर अनुमानाने हाती येत नाही. ज्याला भजायचे आहे तो कुंभाराच्या मापात मावणारा निघाला, तर भजन थिटे पडेल म्हणूनच त्यांनी ही काळजी घेतली असावी.

इथे स्वतःच्या देहाची एक गोष्ट सांगतो, कारण विषय तिथवर आला आहे. पाच वर्षांपूर्वी माझा आवाज गेला. घशाच्या डॉक्टरांनी पाहिले तेव्हा डावा स्वरतंतू हलत नव्हता. मी म्हणालो, “डॉक्टर, घशाला तर काही झाले नाही.” ते म्हणाले, “बाबा, दोष घशात नाही, छातीत आहे.” त्यांनी कागदावर काढून दाखवले. डाव्या स्वरतंतूला हलवणारी नस मेंदूकडून येते, कंठाच्या जवळून तशीच खाली छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि पुन्हा वर चढून कंठाला मिळते. माझ्या छातीतल्या एका गाठीने त्या वळशावर दाब आणला होता. गाठ निघाली, आवाज मात्र पूर्वीसारखा झाला नाही. कीर्तन थांबले.

हाताच्या अंतरावर जायचे आणि एवढा वळसा का? जिराफात तर हीच नस काही मीटरांचा फेरा करते. याचे कारण माशापर्यंत मागे जाते. माशाला मान नाही. तिथे या नसेची पूर्वज नस कल्ल्याच्या रक्तवाहिनीमागून जाते, तो तिचा सरळ रस्ता. पुढच्या प्राण्यांत मान लांबली, हृदय खाली सरकले आणि रक्तवाहिनीत अडकलेली नस तिच्याबरोबर ओढली गेली. पहिल्यापासून आखून घडवणाऱ्या कारागिराने ती सरळ नेली असती. माझ्या कंठात घड्याळजीची आखणी शोधू गेलो तर मला गबाळ्या घड्याळजी सापडेल. पण त्याच कंठाने पन्नास वर्षे विठ्ठलाचे नाम घेतले. ते नाम त्या नसेच्या आखणीवर अवलंबून नव्हते. माशापासून वाहत आलेल्या त्या वेड्यावाकड्या वाटेनेही ते आले, हेच मला अधिक नवलाचे वाटते.

कारागीर मानण्यात याहूनही मोठी अडचण आहे. कुंभारीण माशीचा दृष्टांत आपल्या संप्रदायात सर्वांना ठाऊक आहे. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंत ती आहे. ती अळी आणून मातीच्या घरात कोंडते, अळी भयाने तिचेच ध्यान करते आणि माशी होऊन बाहेर पडते. ध्यानाने तद्रूपता येते, हे सांगायला याहून चांगला दृष्टांत नाही. प्रत्यक्षात मात्र कुंभारीण अळीला नांगी मारून लुळी करते आणि त्या घरात आपले अंडे घालते. अंड्यातून निघालेले पिल्लू ती जिवंत अळी खाते आणि तेच पुढे माशी होऊन बाहेर पडते. याच जातकुळीतल्या, अळीच्या अंगातच अंडी घालणाऱ्या माश्यांविषयी डार्विनने १८६० साली आपले मित्र, वनस्पतिशास्त्रज्ञ आसा ग्रे यांना पत्र लिहिले होते. दयाळू आणि सर्वशक्तिमान ईश्वराने अशी माशी मुद्दाम निर्माण केली हे मला पटवून घेता येत नाही, असा त्याचा आशय. ज्यांची दहा वर्षांची लेक १८५१ साली गेली होती, त्या बापाचे ते लिहिणे होते. ग्रे स्वतः श्रद्धावंत ख्रिस्ती होते आणि अमेरिकेत डार्विनची बाजू मांडण्यात पुढे होते.

एकेक प्राणी कारागिराने हाताने घडवला असे मानले तर त्या माशीची नांगीही त्यानेच घडवली असे म्हणावे लागते. आणि कुंभारिणीच्या दृष्टांताने ध्यान समजते, म्हणून अळीची माशी होते असे जीवशास्त्र शिकवता येत नाही. दृष्टांत एकदेशी, तो असा.

हाच न्याय दशावताराला लावावा. मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह हा क्रम म्हणजे डार्विनच, असे कीर्तनात सांगितले की टाळ्या पडतात. पण अवतार धर्माच्या ग्लानीवेळी होतो आणि उत्क्रांती ग्लानी पाहत नाही. पुराणाला डार्विनचे प्रमाणपत्र मिळवून देण्यात पुराणाचाच मान कमी होतो. उद्या विज्ञानाने एखादी पायरी बदलली तर आपण अवतार बदलणार का? तशीच मर्यादा पलीकडच्यांनीही पाळावी. उत्क्रांती कशी झाली ते कळले म्हणून सगळे निरर्थक ठरले, असे म्हणणाऱ्याचाही हेतू साध्यापर्यंत पोचत नाही. ज्वारीचा वाण कसा बदलला हे सांगून भाकरीचा पहिला घास कोणाला द्यावा ते ठरत नाही.

त्या शिक्षकांना मी सांगितले ते एवढेच : “सर, धडा धडा म्हणून नीट शिकवा. त्यात जे पुराव्याने ठरले आहे ते कमी करू नका आणि त्यात जे नाही ते घालू नका. रात्री टाळ हाती घ्याल तेव्हा कसलाही संकोच धरू नका. माळ घातली तेव्हा खोटे बोलणार नाही असे कबूल केले होते ना? मग वर्गात खरे शिकवणे हे माळेचेच काम आहे.”

आपला विठोबा जगाबाहेर उभा राहून घट घडवणारा नाही. अमृतानुभवात माउलींनी जगाकडे चैतन्याचा विलास म्हणून पाहिले आहे. सोने आणि दागिना यांत जसा दुजेपणा नाही तसा. सोन्याचा दागिना कसा झाला, किती वेळात झाला, कोणत्या वळशांनी झाला, हे सोनाराच्या विद्येने खुशाल शोधावे. त्या शोधाने सोने कमी होत नाही. सावता महाराजांना विठाई मळ्यातल्या भाजीत दिसली; ती भाजी कोणी घडवली याचा पुरावा ते शोधीत बसले नाहीत. गोरोबाकाका तर जातीचे कुंभार, पण त्यांच्या मडक्यांवरून कोणा संताने ईश्वराचे अनुमान काढले नाही. त्यांनी थापटणे हाती घेतले ते संतांची डोकी कच्ची की पक्की हे पाहायला. ज्याच्या अहंकाराला धक्का लागला तो कच्चा ठरला.

तरुण कीर्तनकारांना एवढीच विनंती आहे. मोराचे पीस, डोळा, मधाचे पोळे यांचे वर्णन जरूर करा, त्या वर्णनाने श्रोत्यांचे डोळे पाणावू द्या. पण ‘म्हणून देव आहे’ हे वाक्य त्याला जोडू नका. पुढच्या रांगेत दहावीचे पोरगे बसलेले असते. त्याला उद्या त्या पिसाचे कारण पुस्तकात सापडेल आणि त्या दिवशी ते पिसाबरोबर तुमचा देवही खाली ठेवील. त्याचा देव त्याच्यापाशी राहू द्यायचा असेल तर तो नामात द्या, भुकेल्याला घातलेल्या घासात द्या, वारीच्या वाटेवर पाय सुजलेले असताना दुसऱ्याची पडशी उचलण्यात द्या. तिथे कोणताही शोध त्याला हिरावून घेऊ शकत नाही.

रामकृष्ण हरी.